उमाक्कांना शेवट हवा होता

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी ती खुशाल कल्पित समजावी. कल्पिताला आपल्याकडे तसंही कुणी घाबरत नाही.

स्थळ उदगीर. मे महिना, भर दुपार.

भुतांना रात्रच लागते असं मानणाऱ्यांनी उदगीरची दुपार पाहिलेली नाही.

मंजुश्रीबाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी रविवारी वाचनमंडळ भरे. कादंबरीची प्रत एकच. ती घरोघर फिरे. म्हणून बाईंनी नियम केला होता: सगळ्यांचं वाचून होईपर्यंत शेवट कुणी कुणालाही सांगायचा नाही.

"हे मंडळ न्हाई, कोर्ट हाय," कापडदुकानदार मल्लिनाथ म्हणत. "शेवट फोडला की जामीन न्हाई!"

सगळे हसत. बाई हसत नसत.

मंडळात जीव लावून वाचणाऱ्या एकट्या उमाक्का. बाकीचे चहाला येत. हिवाळ्यात उमाक्कांना लातूरच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा त्यांचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. पण फेरा थांबवायचा नसतो. प्रत पुढच्या घरी गेली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मंजू, त्या पोरीचं काय झालं गं? नदी वलांडून गेली का न्हाई?"

"अक्का, नियम आहे ना. बऱ्या होऊन या, स्वतः वाचा."

"अगं, मी कुणाला सांगणार हाय? सांग की."

"नाही म्हणजे नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास...

मग फोन बंद झाला.

उमाक्का परत आल्या नाहीत.

साहित्यशास्त्र याला रसभंग टाळणं म्हणतं. माणसांच्या भाषेत याला वेगळा शब्द आहे.

लिंगायत समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. पाठ ताठ, मान किंचित पुढे. जणू काही ऐकायलाच बसल्या होत्या. मंडळानं दोन मिनिटं शांतता पाळली आणि पुढची कादंबरी फिरवायला काढली.

त्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाशी बाई आल्या, आणि वीज गेली. पंखा थांबला.

त्या शांततेत... समोरची वेताची खुर्ची करकरली.

कुणी टेकल्यावर करकरते, तशी.

बाईंनी पुस्तक मिटलं.

कुणीतरी सुस्कारा टाकला.

पुढच्या कादंबरीलाही तसंच. शेवटच्या प्रकरणापर्यंत काही नाही. मग... फरशी घासत खुर्ची जवळ सरकली.

त्याच्या पुढच्या वेळी थेट कानाशी श्वास. रोखून धरलेला.

वाचन हाच ज्यांचा संसार, त्यांना एकही कादंबरी पुरी करता येईना. उशाशी अर्धवट पुस्तकांचा ढीग साचला. शेवटी बाईंनी मल्लिनाथांना सगळं सांगितलं, त्या फोनसकट. या वेळी ते हसले नाहीत.

"भूतबित मला ठाऊक न्हाई, मॅडम. पर मरत्या माणसानं मागितलेलं द्यावं."

"आता?"

"आता तर द्याच."

त्याच दुपारी बाईंनी ती जुनी कादंबरी मागवली. दार लावलं. खुर्ची समोर ओढली आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. वेत करकरला. बाई थांबल्या नाहीत. पोर नदीशी पोचते. पाण्यात उतरते. पैलतीर दिसतो, पण हाताला लागत नाही.

"संपलं, अक्का," बाई म्हणाल्या. "मेली ती. माफ करा मला."

काही हललं नाही.

श्वास नाही. सुस्कारा नाही.

कित्येक महिन्यांनी बाईंचा जीव हलका झाला. त्या उठल्या, माठातून पाणी घेतलं, पेला ओठाला लावला...

आणि पाठीमागून, अगदी ओळखीच्या उत्सुकतेनं, आवाज आला.

"मेली. मग?"

बाईंनी पेला खाली ठेवला.

"मेल्यावर काय झालं गं तिचं? सांग की, मंजू."

आवाजाची भीती बाईंना तेव्हाही वाटली नाही, असं त्या सांगतात. गेलेल्या माणसालाही पुढचं ठाऊक नाही, याची मात्र वाटली.

ती भीती अजून गेलेली नाही.