सत्तावीस राहिलाय

दिवसभर खराडीच्या ऑफिसात मी साहेबांना आकडे समजावते आणि संध्याकाळी धायरीला घरी येऊन पप्पांना. दोघांनाही कळत नाहीत.

पप्पा दर शनिवारी लॉटरीचं तिकीट घेतात. आजवरच्या प्रत्येक सोडतीतले शेवटचे दोन आकडे त्यांच्या वहीत आहेत आणि आकड्यापुढे त्या तारखेला जन्मलेला नातेवाईक. जो सगळ्यांत जास्त दिवस आला नाही, तोच घ्यायचा.

"पप्पा, सोडतीला आठवण नसते."

"तुझ्या कॉम्प्युटरला असेल सगळी. जेव आता."

आई हरलेल्या तिकिटाची चौपदरी घडी करून जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवायची. म्हणायची, "एवढाच उपयोग." ती जाऊन सहा वर्षं झाली. घड्या झिजल्या, टेबल डुगडुगतं, चहा रोज बशीत सांडतो. तिची तारीख सत्तावीस. ती गेल्यापासून सत्तावीस एकदाही आलेला नाही. मी हिशेब केला: तीनशे बारा सोडतींत असं शंभरातून चारदा होऊ शकतं. म्हणजे नवल काही नाही.

मार्चमध्ये चौदा आला, तीन वर्षांनी. त्याच संध्याकाळी दारात धम्मदीपमामा, वाशीमहून, तूरडाळीची पिशवी घेऊन. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून तीन वर्षं रुसलेला! पुढच्या शनिवारी आठ आला आणि कधी गाव न सोडणारी सुंदराआत्या रिक्षातून उतरली. दोघंही मुक्कामाला राहिले, घर हसण्याने भरून गेलं. मी गुपचूप पप्पांचा फोन तपासला. दोघांनाही त्यांनी फोन केला नव्हता.

"आता सत्तावीस राहिलाय," पप्पा म्हणाले.

तेव्हा मला कळलं, त्यांना बक्षीस नकोच आहे. आणि मला भीती वाटली ती आकडा येण्याची नाही. तो आल्यावर दारात कोणीच नसलं, तर या माणसाचं काय होईल?

गेल्या शनिवारी चारला निकाल लागला. सत्तावीस. पाचशे रुपये.

पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तिकीट टेबलावर ठेवलं. "निकिता, चहा टाक. पाच कप."

"भाऊजी, आपन चौघं," मामा हळूच म्हणाला. "पाच कायले?"

पप्पा नुसते हसले. इतके खुश मी त्यांना सहा वर्षांत पाहिले नव्हते.

मी चहाने भरलेले पाच कप टेबलावर मांडले. मग आम्ही चौघंही गॅलरीतून रस्ता बघत उभे राहिलो.

बेल वाजली नाही.

शेवटी मी पप्पांना हाताला धरून आत आणलं. टेबलावरचं तिकीट दिसत नव्हतं.

मामाने टेबलावर कोपर टेकलं. टेबल हललं नाही.

मी खाली वाकून पाहिलं. आखूड पायाखाली तिकीट होतं. चौपदरी घडी.

मी सांगितलं, तसे पप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, हे लागलेलं होतं!"

ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पाचव्या खुर्चीकडे बघत होते. तिच्यासमोरचा कप अर्धा झाला होता आणि बशी कोरडी होती.