बोहनीची नळी

अंबाजोगाईच्या बाजारात दुकानं नुकतीच उघडत होती. ईश्वरीनं निळी ओढणी मागितली, चार पाहिल्या, नाक मुरडलं आणि पायरी उतरू लागली.

"ओ मॅडम! बोहनी हाय... पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दिवसभर माशा मारीत बसावं लागंल."

"मग मारा की. या ओढण्यांपेक्षा माशाच बऱ्या दिसतील."

दुकानदार, संगमेश नाव त्याचं, रागवायचं सोडून खो खो हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटून जात. ईश्वरी थबकली... आणि गरज नसताना एक रुमाल घेऊन बाहेर पडली.

पुढच्याच आठवड्यात तो रुग्णालयातल्या तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा! सोबत आई, शिवम्मा. छातीतल्या कर्करोगाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, किमोची सलाईनंही लावून झालेली. फोटो, सोनोग्राफी सगळं स्वच्छ होतं. पण एखादी पेशी रक्तात दडी मारून बसली असेल तर ती फोटोत थोडीच दिसते? अशा पेशीचा रेणूएवढा मागमूस रक्तातून हुडकायचा, हे ईश्वरीचं काम. करोनात तपासणीसाठी आलेलं यंत्र धूळ खात पडलं होतं. डॉक्टरांच्या मागे लागून तिनं ते या अभ्यासाला जुंपलं. पूर्वी असल्या तपासणीला पुणं गाठावं लागे. पाटोद्याच्या पोरीनं ती बीड जिल्ह्यात आणली, याचा तिला गर्व होता. आणि तो ती लपवतही नसे.

"मॅडम, तुमी इथं? रुमाल बरा निघाला का?"

"रंग गेला."

"मग धुतला कावून?"

शिवम्मांनी लेकाकडे पाहिलं, मग ईश्वरीकडे, आणि हात पुढे केला.

ईश्वरीनं एकाच सुईतून दोन नळ्या भरल्या. "पहिली टाकून द्यायची असते."

"पहिली? टाकून?" संगमेशचा चेहरा उतरला.

"नियम आहे तसा," एवढंच बोलून ती शिवम्मांच्या दंडावर कापूस दाबायला वळली. परत पाहते तर एक नळी बर्फाच्या डब्यात, दुसरी कचऱ्याच्या लाल डब्यात.

"मीच ठेवल्या. तेवढीच मदत," तो म्हणाला. तिला ते गोड वाटलं. बर्फातल्या नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवताना ती गालातल्या गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी हसू मावळलं. पडद्यावरची रेघ वर वर चढत गेली. म्हणजे पेशी होत्या. म्हणजे शिवम्मांना पुन्हा सलाईन, पुन्हा केस जाणं...

"पाठवून द्या अहवाल," डॉक्टर म्हणाले.

"सर, एकदा रक्त पुन्हा घेऊ द्या. फोटो स्वच्छ असताना रेघ एवढी वर? मला पटत नाही."

तिनं फोन केला. संगमेश दुकान उघडं टाकून धावत आला. ऐकलं आणि पायरीवर बसला. मग—

"मॅडम... नळी मी बदलली. तुमी टाकणार होता ती डब्यात ठेवली."

"काय?"

"पहिली व्हती ना... बोहनी. आमच्यात पहिलं आलेलं परत लोटीत न्हाईत. आईचं रक्त, आन् त्यातलं पहिलंच कचऱ्यात? जीव धजला न्हाई."

ईश्वरीचं डोकं तापलं. "अहो, सुई कातडीतून आत जाते! जाताना कातडीच्या पेशी ओढून नेते, त्या पहिल्या नळीत उतरतात. दडलेल्या पेशींसारखाच त्यांचा माग असतो. यंत्र खोटं बोललं नाही... ते तुमच्या आईच्या कातडीबद्दल बोललं!"

"हे आदी सांगितलं असतं तर..."

खरंच, तिनं सांगितलं कुठं होतं? आणि हा माणूस गुपचूप बसू शकला असता. बसला नाही.

शिवम्मांचं रक्त पुन्हा घेतलं. संगमेश हात मागे बांधून उभा. या वेळी रेघ सपाट राहिली, शेवटपर्यंत सपाट. ईश्वरीनं पुन्हा लावून पाहिलं. सपाटच. "अधूनमधून तपासत राहायचं," तिनं बजावलं. शिवम्मांनी तिचा हात धरला तो किती तरी वेळ सोडलाच नाही. काय काय विचारलं, काय काय सांगितलं...

चार दिवसांनी ईश्वरी बाजारात गेली. दुकानात बायकांचा घोळका, संगमेश एका साडीची घडी न मोडता तावातावानं सांगत होता, "...सुईसंगं कातडी येती, म्हणून पहिली नळी टाकायची. ध्यानात ठेवा! आन् हे सगळं आपल्याच गावात व्हतं. पुन्याला जायची गरज न्हाई."

"करतं कोण पण?" एका बाईनं विचारलं.

"कोण म्हंजे? आमची ईश्वरी!"

"आमची म्हणजे कोणाची?" दारातून आवाज आला.

साडी त्याच्या हातातून घसरली. कान लाल. "ते... म्हंजे... आईची. आई लई नाव काढती तुमचं. आन् आई हो म्हणली, तर..."

"आईंना कावून पुढं करता? त्यांचं-माझं बोलणं त्याच दिवशी झालंय." ईश्वरी पायरी चढून आत आली. "तुमचंच राहिलंय. बोला, कोणाची?"

बायकांनी साड्या खाली ठेवल्या. संगमेशनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताठ उभा राहिला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला,

"माझी."