माझीच चूक निघावी

उतारावर पाय घसरला तेव्हा यूरुनच्या हातात बाटल्यांचा डबा होता. भर दुपार होती, पण नोव्हेंबर सरला की नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या ट्रोम्सोत दुपारीही रस्त्यावरचे दिवे जळतच असतात, आणि संशोधन संस्थेच्या दारापुढचा बर्फ काचेसारखा झालेला असतो. समोरून येणाऱ्या उंच माणसाने झेप घेतली आणि... डबा धरला. यूरुन बर्फात बसली.

"मला धरायचं सोडून डबा धरलास?"

"तू काय, परत उठशील," तो म्हणाला. "फुटलेल्या बाटल्या उठत नाहीत."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. त्याने दुसऱ्या हाताने तिला उठवलं आणि डब्यावरचं तिचं नाव वाचून जरा चपापला. तो तळमजल्यावरचा आस्लाक निघाला. हे नाव तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने खाली पाठवलेल्या प्रत्येक नमुन्याला 'परिणाम नाही' असं उत्तर यायचं, आणि खाली हेच नाव असायचं.

"मला वाटायचं, तू टकला, चिडका म्हातारा असशील."

आस्लाकने टोपी काढून दाट केस दाखवले. "टक्कल नाही. चिडका असेन... तेवढं तू ठरव."

यूरुनचं काम धीराचं होतं. जहाजाने उत्तरेच्या समुद्रतळाचा गाळ आणायचा, त्यातले जीवाणू थंड खोलीत वाढवायचे. ते आपले सावकाश वाढणार. मग त्यांनी बनवलेल्या रसायनांचा अर्क काढायचा, त्याचे भाग वेगळे करायचे, आणि एकेक भाग खाली आस्लाककडे द्यायचा. तो ते थेंब इस्पितळातल्या हट्टी जंतूंवर टाकून बघायचा. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू ते. यूरुनच्या थेंबांना तरी कशाला देतील? प्रकल्प वसंतात संपणार होता आणि हाती काही नव्हतं. तिचे खांदे दुखायचे, झोप झाली तरी डोळे जड असायचे.

त्या दिवसापासून आस्लाक नकार घेऊन स्वतः जिना चढून यायला लागला. सोबत कॉफी आणि तपकिरी चीज घातलेलं वॅफल असायचं. वॅफल दिसलं की यूरुन ओळखायची, आजही काही नाही. तरी ती त्याच्या पावलांची वाट बघायला लागली होती.

जानेवारीत तो एकदा रिकाम्या हाताने आला. "खाली चल," एवढंच म्हणाला.

काचेच्या बशीत जंतूंची दाट साय पसरली होती आणि तिच्या एका थेंबाभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ पडलं होतं. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. यूरुन स्टुलावर बसली.

"आनंद नाही झाला?"

"होईल... जरा वेळ दे. आधी पाय दुखायचे थांबू देत."

तो हसला. इतकं वाकून बघितल्याने तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा हळूच काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. त्याची बोटं तिच्या कानाशी क्षणभर जास्तच रेंगाळली. दोघंही मग बशीकडेच बघत राहिली.

आता एकच चाचणी उरली होती. हे रसायन माणसाच्या पेशींना सोसेल का, ते बघायचं होतं. आठवडाभर आस्लाक रोज वर यायचा, कॉफी प्यायचा आणि विचारलं की 'चाललंय' म्हणायचा. शुक्रवारी त्याने कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. रसायन पेशीही मारत होतं, जंतूंइतक्याच सहज. औषध म्हणून ते निरुपयोगी होतं.

"हे तुला आज कळलं?"

"सोमवारीच कळलं."

यूरुनचा आवाज चढला नाही, तेवढी ताकदच नव्हती. "आणि रोज माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलास."

"मी परत करून बघत होतो. नव्या पेशी घेऊन, परत परत..." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माझीच चूक निघावी. इतर कुणाच्या नमुन्यासाठी असं वाटलं नव्हतं, यूरुन."

काय ऐकलं ते कळायला तिला वेळ लागला. मग तिने कोट चढवला. तोही निघाला. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तो उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली. "रागावलेय मी, पण बस." पूल आला, खाली काळं पाणी दिसलं. "हे बघ... मला सध्या कुणाच्या प्रेमात पडायचंही त्राण नाही."

"मग मी पडतो," आस्लाक म्हणाला. "तू नुसती बसून राहा."

थोड्या वेळाने तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं आणि तिला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर उभी होती, चालक पायऱ्यांवरचा बर्फ झाडत होता.

"तुझा थांबा?"

"केव्हाच गेला. घंटा दाबायला हात वर केला असता तर तू जागी झाली असतीस."

यूरुन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला लोकरी हातमोजा काढला आणि उघडा, उबदार हात त्याच्या कोटाच्या खिशात, त्याच्या हातात सरकवला.

"आणखी थोडं झोपते," ती म्हणाली. "बस परत फिरेलच ना?"

"फिरेल," आस्लाक म्हणाला.

तिने डोळे मिटले.