उलटा खांब

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. हे मी माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडून ऐकलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नव्हता.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी उरकली होती. नागपुरात लकडगंजला राहणारा चंद्रभान मामा, हाडाचा सुतार, काटोल रोडवर बाबारावांच्या बागेत संत्री ठेवायला शेड उभारत होता. पाया नाही, भिंती नाहीत. खड्डे खणायचे, सागाचे खांब पुरायचे, वर टिनाचं छप्पर.

या कामात मामा एक गोष्ट कटाक्षाने पाळायचा. झाड जसं उभं होतं, तसाच खांब उभा करायचा. बुडखा खाली, शेंडा वर. मातीत जाणारा बुडखा वरवर जाळून त्याला डांबर फासायचं, म्हणजे वाळवी लागत नाही.

मधल्या खांबाची दोन्ही टोकं सारखीच जाड होती. घाईत मामाने शेंडाच जाळला, त्यालाच डांबर फासलं. लक्षात आलं तोवर डांबर संपलेलं. तोडलेली संत्री उन्हात पडली होती आणि बाबाराव डोकं खात होते.

"लाव तसाच," ते म्हणाले. "कोणाले दिसते?"

मामाने खांब उलटा पुरला.

संध्याकाळी घरी आला, तर गोपिका मामी चुलीपुढे पोटावर हात ठेवून बसलेली. तिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती, त्यामुळे मामाचा जीव सदा टांगणीला.

"दुपारपासून लेकरू हालून नाही राहिलं," ती म्हणाली.

सुईण इंदूबाईने पोटाला कान लावला...

काहीच नाही.

रात्रभर दोघांच्या डोळ्याला डोळा नाही. उजाडताच मामा बाबारावांची जीप मागायला बागेत गेला. मामीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं.

बागेत एरवी साळुंक्यांचा नुसता कलकलाट. त्या सकाळी एकही नव्हती.

बाबारावांची वाट बघता बघता मामा त्या खांबाला टेकला.

पाठीला काहीतरी लागलं.

हलकंच... आतून.

त्याने लाकडाला कान लावला. बराच वेळ शांत. मग पुन्हा...

ठक.

मामीच्या पोटावर हात ठेवला की लागायची, तश्शीच लाथ.

मामाला दरदरून घाम फुटला. त्याने छपराला बल्लीचा टेकू दिला, कुदळ घेतली आणि खणत सुटला. बाबाराव ओरडत धावून आले. छप्पर पडलं तर कोण भरून देणार, म्हणाले.

"पडू द्या," मामा म्हणाला. "माहं लेकरू हाये अंदर."

बाबारावांनीच मजुरांना हाक मारली. मजुरांनी खांब उपसला, सुलटा करून पुन्हा खड्ड्यात सोडला. मामाने कान लावला. आता आत काहीच नव्हतं. मामा जीपकडे धावला.

जीप घराशी थांबली, तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. तान्ह्याचं. मामा उंबऱ्यावरच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. मुलगा झाला होता, धडधाकट.

इंदूबाई मात्र लेकराचं डोकं पुन्हा पुन्हा पुसत होती.

"चंद्रभान, याच्या टाळूले डांबर कसं लागलं गा?"

त्याच लेकराला, मुकुंदला, आता पन्नाशी आलीय. टाळूवर तेवढ्या जागी केस उगवले नाहीत. भर उन्हात तो शेजारी बसला की अजूनही वास येतो...

मामा गेला, बाबारावही गेले. परवा कळलं, ती शेड पाडताहेत.

मुकुंदला मी अजून सांगितलेलं नाही.