माइकवाल्याचं अनुमोदन

गल्लीत सगळे जिला धाकटी म्हणायचे, ती त्या सभेला नुसती पंख्याखाली बसायला गेली आणि अध्यक्ष होऊन बाहेर आली.

झालं असं — गल्लीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर कोणी सांभाळायचं, हा विषय निघाला आणि सगळ्यांना एकाएकी आपापल्या चपला दिसायला लागल्या. खजिनदार काकांनी नेमकं तिलाच पुढे केलं. “पोर हुशार आहे. चष्म्याच्या दुकानात नुकतीच काउंटरची प्रमुख झालीये!” ती “अहो काका, नको...” म्हणणार, तोच कर्ण्यातून खणखणीत आवाज आला — “अनुमोदन!”

टाळ्या पडल्या. तिने वळून पाहिलं. कोपऱ्यात एक तरुण उभा होता, खांद्यावर वायरचं वेटोळं, हातात माइक.

“तुम्ही मंडळाचे सभासद आहात?”

“छे! मी माइक दुरुस्त करायला आलोय. चालतो का बघत होतो.” मग जरा ओशाळून, “सारखं हॅलो-हॅलो म्हणायचा कंटाळा येतो हो...”

तिला राग यायला हवा होता. पण हसताना त्याच्या गालाला खळी पडली आणि तिचा राग वाटेतच कुठेतरी सांडला.

मग तो रोज संध्याकाळी मंडळात यायला लागला. केलेल्या पापाची भरपाई म्हणून, असं त्याचं म्हणणं.

“खुर्च्या मी आणतो.”

“असू दे, मी बघते.”

“बरं, पत्रकं वाटतो?”

“मी बघते.”

“अध्यक्षबाई, श्वाससुद्धा सगळ्यांच्या वाटचा तुम्हीच घेता का?”

तिने पत्रकांचा गठ्ठा त्याच्या दंडावर हाणला आणि स्वतःच खुदकन हसली. उत्तर मात्र सगळ्यांना तेच मिळायचं. दुकानातही मुलींनी पुसलेल्या काचा ती पुन्हा पुसायची. मालकीणबाई म्हणाल्याच, “काउंटर सांभाळ म्हटलं होतं गं, डोक्यावर घे नव्हतं म्हटलं!”

शिबिराच्या सकाळी पावसाची बारीक भुरभुर होती. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला रचलेल्या, आणि माइकवाला सोडला तर माणूस एक नाही. तिने काकांना फोन लावला.

“अगं, तू बघतेयस ना सगळं? मी निवांत आंघोळीला चाललो होतो.”

काकूंचं तेच, शेजारच्या दादाचं तेच. तिने सगळ्यांना इतकं निवांत करून टाकलं होतं की कुणी आलंच नाही. रक्तपेढीची गाडी दारात उभी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नोंदणीला, दात्यांपाशी बसायला माणसं लागतात. थोडं थांबते. नाहीतर परत जावं लागेल.”

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यातली पहिली मोठी जबाबदारी, आणि तिचा असा फज्जा! खिडकीत कर्णा बांधणारा माइकवाला खाली उतरला. त्याचे केस भिजले होते.

“आता ‘मी बघते’ म्हणालीस ना, तर...”

पहिल्यांदाच अरे-तुरे. दोघांच्याही लक्षात आलं.

“नाही म्हणत,” ती पुटपुटली. “एकटीला... नाही जमत रे.”

“मग हे मला नको, गल्लीला सांग.” त्याने माइक पुढे केला. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही लगेच काढून घेतली नाहीत.

“मी धाकटी बोलतेय,” कर्ण्यातून तिचा आवाज गल्लीभर गेला. “मला वाटलं, प्रमुख म्हणजे सगळं स्वतः करणारी. चुकलं माझं. दादा, खुर्च्या मांडायला या. काकू, नोंदणीला बसा, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा छान आहे. काका, आंघोळ झाली असेल तर... नसली तरी या!”

एकेक खिडकी उघडली. काका ओल्या केसांनीच धावत आले. दादाने खुर्च्या वाकड्यातिकड्या मांडल्या. धाकटीचे हात शिवशिवले, पण तिने ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले. माइकवाला लांबून बघत होता, गालातल्या गालात हसत. दुपारी गाडी गेली ती रक्ताच्या पिशव्या घेऊनच.

हॉल शांत झाला. तो वायर गुंडाळत होता.

“मलाही एक मदत हवीये,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

“बोल ना.”

“आईला सांगायचंय... मला एक मुलगी आवडते. जरा हट्टी आहे.”

तो एखाद्या संध्याकाळी उशिरा आला, की तिचं लक्ष दाराकडेच असायचं. तिलाही तो आवडत होता, केव्हापासूनच.

“त्या मुलीला सांगितलंस?”

“आत्ताच... सांगितलं.”

तिने वायरचं दुसरं टोक उचललं आणि त्याच्या दिशेने गुंडाळत आली.

“आईला सांगणं काही एकट्याचं काम नाही,” ती म्हणाली. “उद्या दोघं जाऊ.”