वोरनच्या कुरणातली म्हातारी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मायाप्पानं सिद्धेश्वराच्या देवळाकडे तोंड करून शपथ घेतलेली आहे, आणि मायाप्पा खोटं बोलत नाही.

म्हणजे बोलतो. पण त्याचं खोटं 'टायर पंक्चर झालं हुतं' एवढ्यात संपतं. इतकी लांब गोष्ट रचणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही.

अशा गोष्टींना अमावस्येची रात्र लागते, हे मान्य. पण ही गोष्ट सोलापूरची आहे आणि मे महिन्यातली आहे. मे महिन्यात सोलापुरात रात्री सगळं गाव रस्त्यावर असतं. आइस्क्रीमच्या गाड्यांपाशी इतकी गर्दी, की भुताला उभं राहायला जागा मिळत नाही.

दुपारी मात्र...

दुपारी जेवणवेळ झाली की नव्या पेठेतली शटरं एकामागून एक खाली येतात. रस्ता पांढरा पडतो. कुत्रीसुद्धा सावली शोधत कुठंतरी निघून जातात.

ही घटना त्या वेळेची.

नव्या पेठेतल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात शरणबसवचं गेम पार्लर आहे. शरणबसव दुधनीचा. घरचा तुरीचा धंदा भावाच्या गळ्यात घालून तो सोलापुरात व्हिडिओ गेमची मशिनं घेऊन बसला. दुकान उघडणं, मशिनं पुसणं, पोरांवर ओरडणं आणि दुपारी शटर ओढून कुलूप लावणं, ही कामं मायाप्पाची. मायाप्पा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं. लहानपण सगळं माळावर गेलेलं.

त्याची एक खोड होती. एका हाकेत तो कधी ओ देत नसे.

"मायाप्पा!" शरणबसव ओरडायचा.

गप्प.

"मायाप्पा! बा इल्ली! इकडं ये!"

गप्प.

"काय बे मायाप्पा, कान गावाकडं ठेवून आलास का?"

"ओ, मालक."

पोरं हसायची. मायाप्पा हसायचा नाही. माळावर दुपारच्या वेळी ओळखीच्या आवाजात हाक येते, हे त्याला त्याच्या आईनं, तानाबाईनं, शिकवलं होतं. माणूस तिसरी हाक मारतो. जे माणूस नसतं, त्याला मात्र दोनच मारता येतात. म्हणून तिसरीला ओ द्यायची. त्याआधी ओ दिलेल्या माणसांच्या गोष्टी तिच्याकडे होत्या, आणि त्या तिनं जेवताना सांगितल्या होत्या.

आता त्या मशीनबद्दल.

'क्राउन ऑफ वोरन' नावाचा एक मोठा गेम आहे म्हणे. त्यात वोरन नावाचं राज्य आहे. जादूगार, उडणारे साप, शापित राजकन्या, सगळं यथास्थित. तो गाजला, म्हणून कंपनीनं त्याच राज्यातला एक पोटगेम काढला. त्यात राजा नाही, राजकन्या नाही, गोष्टही नाही. नुसती नेमबाजी. बाण सोडायची बंदूक धरायची आणि त्या राज्यातली मडकी, बुजगावणी, सापळे टिपत बसायचं. लग्नाचं बोलावणं न देता नुसतं पंगत वाढायला बोलवावं, तसा प्रकार.

सोलापूरकरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'वरणाचं मशीन' करून टाकलं.

मशीन म्हणजे अख्खी खोलीच होती. आत बाक, समोर भिंतभर पडदा, वायरला बांधलेली बंदूक, आणि मागून काळा जाड पडदा ओढून घ्यायचा. एसीचा झोत बरोबर त्या मशीनवर यायचा.

शेवटच्या टप्प्यात एक कुरण होतं. हिरवंगार, सोलापुरात कुणी बघितलं नसेल असं. त्यात मेंढ्या चरतात. दगडावर एक म्हातारी मेंढपाळीण पाठमोरी बसलेली असते. झाडीतून लांडगे येतात. लांडगे टिपायचे. म्हातारीला बाण लागला की गेम संपला.

मायाप्पा त्यात पटाईत होता. त्याच्या लहानपणी माळावर खरे लांडगे यायचे. तेव्हा गोफण होती, आता बंदूक. शिवाय इथं बसायला बाक.

त्या दिवशी तानाबाई गावाकडून येणार होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. मोबाइल तिच्या कनवटीला होता, पण नंबर दिसत नव्हते. म्हणून तर ती येत होती. गेल्या महिन्यात उन्हात चक्कर येऊन ती एकदा पडलीही होती. मायाप्पानं तिला सकाळीच बजावलं होतं, "आये, स्टँडवर उतरली की हितं-तितं हलायचं न्हाय. म्या येस्तवर हाय तितंच उभी ऱ्हा."

तानाबाई सांगितलेलं ऐकणारी बाई. हलणार नाही म्हणजे नाही.

शरणबसव जेवायला घरी गेला. एसटी यायला अजून अवकाश होता. मायाप्पानं शटर अर्धं ओढलं, मोबाइल काउंटरवर चार्जिंगला लावला, आणि एक डाव खेळून निघू म्हणून वरणाच्या मशीनमध्ये शिरला. मागचा पडदा ओढून घेतला.

एकाचे दोन डाव झाले.

दुसऱ्या डावाच्या मध्येच शटर खडखडत खाली आल्याचा आवाज झाला. बाणांच्या सणसणाटात त्याला तो आधी गेममधलाच वाटला. मग कळलं, आणि तो उठायला लागला.

तेवढ्यात लाईट गेली.

एसी बंद. कोल्ड्रिंकचा फ्रिज बंद. तळघरात कधी ऐकू येत नाही अशी शांतता...

मायाप्पा पडदा बाजूला करून बाहेर आला. काळाकुट्ट अंधार. फक्त शटरच्या खाली उजेडाची एक पांढरी रेघ. तिच्या अनुरोधानं चाचपडत तो निघाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्याची सावली त्याच्या पुढं पडलेली आहे.

मागून उजेड येत होता.

वरणाचं मशीन चालूच होतं.

'बॅटरी असंल,' तो स्वतःशी म्हणाला. शहरात राहून त्याला कारणं शोधायची ही सवय लागली होती. शटरपाशी आला. खाली वाकला. कडीला हात घालणार...

"मायाप्पाऽऽ..."

शटरच्या पलीकडून. अगदी जवळून.

आवाज तानाबाईचा होता.

त्याचा हात तिथंच राहिला. शटरला नाक लावून कुणी उभं असल्यासारखा आवाज. तो रेघेकडे बघत राहिला. पलीकडे माणूस उभा असेल तर पायांची सावली पडायला पाहिजे.

रेघ अख्खी होती. कुठंच तुटलेली नव्हती...

आईनं दुकान पाहिलेलं नव्हतं. तिला नवी पेठ कुठं आहे तेही माहीत नव्हतं.

मायाप्पा मागं सरकला. मोबाइल काउंटरवर होता, पण काउंटर शटरला लागूनच. तिकडं जायची छाती होईना. सरकत सरकत तो मशीनपर्यंत आला आणि आत बघितलं.

म्हातारी उभी होती.

गेममध्ये ती कधीच उभी राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती. तोंड असं नव्हतंच, उन्हात दिसतं तसं पांढुरकं काहीतरी. पण काठी तिनं मानेमागं दोन्ही खांद्यांवर आडवी टाकली होती आणि दोन्ही हात तिच्यावर लोंबत सोडले होते. माळावर तानाबाई तशी उभी राहायची. परदेशातल्या गेमवाल्या पोरांना हे कुणी दाखवलं असेल?

मेंढ्या नव्हत्या. एकही नव्हती. कुरण हिरवं राहिलं नव्हतं, सगळा पांढरा फुफाटा.

तिच्या पायाशी एक गाठोडं होतं.

झाडीतून पहिला लांडगा आला...

मायाप्पानं बंदूक उचलली. विचार करून नव्हे. लांडगा दिसला की हात जातो, तसा गेला. बाण लागला, लांडगा वळला. आवाज नाही, संगीत नाही. कोपऱ्यात गुण वाढत नव्हते. वेळ दाखवणारा आकडाही नव्हता. वेळ संपल्याशिवाय डाव संपत नाही, आणि इथं वेळच नव्हता.

दुसरा आला. मग दोन एकदम.

घाम डोळ्यांत उतरत होता. एसीशिवाय ते तळघर म्हणजे भट्टी. मध्येच एकदा झाडी रिकामी दिसली. मायाप्पानं बंदूक ठेवली. खरी आई स्टँडवर उन्हात उभी होती, आणि तो हितं रंगवलेल्या म्हातारीची राखण करत बसला होता. जे व्हायचं ते होऊ दे म्हणून तो शटरकडे निघाला.

"मायाप्पाऽ... कुटं हायस रं?"

आता आवाज बारीक झाला होता. घशाला कोरड पडल्यावर होतो तसा.

'ओ' त्याच्या दातांपर्यंत आली होती. त्यानं जीभ चावून धरली. दुसरी हाक झाली. आता तिसरी आली की धावायचं. तिसरी आली म्हणजे ती आईच. तो अंधारात कान देऊन उभा राहिला.

"मार की आये," तो पुटपुटला. "अजून एक मार."

तिसरी हाक आली नाही.

तो मागं वळला. पडद्यावर म्हातारी खाली बसली होती. काठी बाजूला पडली होती. आणि लांडगे गाठोड्याच्या भोवती आले होते, गोल करून, अगदी जवळ...

त्यानंतर मायाप्पानं शटरचं नाव काढलं नाही. बाहेर गेलं तर दाराशी ते. आत राहिलं तर लांडगे. तो बाकावर बसला आणि मारत राहिला. एक वळला की दुसरा पुढं यायचा. म्हातारी इतकी मधोमध होती, की बाण तिच्या कानाजवळून जात होते. हात थरथरला की संपलं. रडत रडत नेम धरता येतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शेवटचा लांडगा वळून पळाला, तेव्हा पडद्यावर एकटी म्हातारी होती. तिनं मान वर केली...

आणि मशीन बंद पडलं.

किती वेळ तो अंधारात बसला होता, त्याला सांगता येत नाही. मग शटर खडखडत वर गेलं. ऊन आत आलं.

"मायाप्पा!"

तो गप्प.

"मायाप्पा! आत हायस का बे?"

गप्प.

"अय्यो, मायाप्पा! मेलास का काय?"

"ओऽऽ!" मायाप्पा असा ओरडला, की शरणबसव दोन पायऱ्या मागं गेला. पुढं काही विचारायच्या आत मायाप्पा त्याला ढकलून पायऱ्या चढून रस्त्यावर पोचला होता.

स्टँडवर तानाबाई सापडली. बजाबाई नावाची एक काकडीवाली होती, तिच्या छत्रीखाली, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. जिवंत. रागावलेली.

"आलास व्हय? लई लवकर आलास की!"

"आये..." त्यानं तिचे पाय धरले.

"पाय कशाला धरतूस? मेले न्हाय म्या अजून. तू हलू नगं म्हणलास म्हणून हलले न्हाय. सावलीबी तिकडं सरकली, म्या हितंच."

"चक्कर येऊन बसली की वो खाली," बजाबाई म्हणाली. "म्या गाडा टाकून कसं येनार? गिऱ्हाईक हुतं. तेवढ्यात कुत्री आली. गाठोड्यात सुकं मटन हाय न्हवं का. लई कुत्री. अंगावरच जायला लागली."

"मग?"

"मग काय, एकेक केकाटून पळालं की. दगूड बसल्यागत. कुणी मारला न्हाय पर. म्या बघत हुते."

मायाप्पाच्या बोटाला, बंदुकीचा घोडा दाबून दाबून, फोड आला होता. तो त्यानं मुठीत धरला.

"तुला हाका मारल्या म्या," तानाबाई म्हणाली. "येड्यागत. हितनं तुला काय ऐकू येनार? पर मारल्या."

"किती मारल्या, आये?"

"दोन. तिसरीला आवाजच फुटंना."

ऑपरेशन झालं. तानाबाईला आता स्वच्छ दिसतं. शरणबसवच्या मते मशीनमध्ये बॅटरी असणार. दुरुस्तीला आलेल्या माणसानं मशीन उघडून दाखवलं. बॅटरी नसते म्हणाला. शरणबसवच्या मते त्याला काही कळत नाही. मशीन अजून तिथंच आहे, पोरं रांग लावतात. मायाप्पा ते पुसतो, पण पाठ करून.

हाकेचं मात्र त्याचं काही ठरत नाही. पहिल्या हाकेला द्यावी की तिसऱ्या? तो बाहेर पडला असता तर आईला उन्हातून उचललं असतं. पण मग कुत्री कुणी हाकलली असती? हा हिशेब तो मांडतो आणि मध्येच सोडून देतो. परवा शरणबसवनं हाक मारली, तर दुसरीलाच अर्धवट 'ओ' म्हणाला आणि घाबरून इकडंतिकडं बघायला लागला.

त्या संध्याकाळी तानाबाईनं त्याला एकच विचारलं होतं. "येवढा येळ कुटं हुतास रं?"

"मालकानं बाहेरनं कुलूप घातलं हुतं, आये. आत अडकलो हुतो."

शरणबसव शेजारीच उभा होता. चष्मा विसरला म्हणून तो दुपारी परत आला होता, आणि अर्धं शटर बघून शिव्या देत ते खाली ओढून गेला होता. एवढं त्यानं कबूल केलं.

"पण कुलूप कशाचं घालू बे?" तो म्हणाला. "कुलूप तुझ्याकडं असतंय."

मायाप्पानं खिशात हात घातला. कुलूप खिशातच होतं.