कुलपाची पहिली रात्र

सतरा जानेवारी. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटं. गावातलं जुनं चर्च. दाराला कुलूप.

तारीख आणि वेळ लिहून घ्या, पोरांनो. चाळीस वर्षं बातम्या दिल्या, ऐकीव एक ओळ छापली नाही. हे ज्याच्यावर गुदरलं तो त्या चर्चचा राखणदार, माझा शाळेतला सोबती. ताडमाड उंच, म्हणून आम्ही त्याला शिडी म्हणायचो.

त्या दाराला एकशे अकरा वर्षं साधी कडीसुद्धा नव्हती. पहिला पाळक, म्हणजे धर्मगुरू, पायी चालत इथे आला, तेव्हा एकाही घराने त्याला रात्रीपुरता आसरा दिला नव्हता. पुढे त्यानेच चर्च बांधलं आणि सुताराला बजावलं, कडी बसवायची नाही. वाट चुकलेला असो, घरातून हाकललेला असो, यावं आणि झोपावं. नाव सकाळी विचारायचं. शिडीचा आजा, बाप आणि तो, तिघांनी तेच केलं.

मग दोन पितळी फुलदाण्या चोरीला गेल्या. चर्चच्या कमिटीने चोर शोधावा की नाही? छे. कुलूप बसवलं, किल्ली सेक्रेटरीच्या घरी ठेवली आणि शिडीला तंबी दिली, कुलपाला हात लावलास तर मागची खोली रिकामी कर. त्या खोलीत तो, बायको आणि दोन मुली राहायचे. फुलदाण्यांपायी शंभर वर्षांची रीत मोडली, अशी बातमी मी नंतर दिली. तीन ओळी छापून आल्या. असो.

तर त्या रात्री तो नुसतं कुलूप ओढून बघायला बाहेर आला. पायरीवर एक बाई बसलेली. मांडीवर तान्हं मूल. कडाक्याची थंडी.

"दादा, दार लागलंय."

आमच्या खोलीत चला, म्हणून त्याने परोपरीने विनवलं. ती हलेना. आम्हाला इथेच यायला सांगितलंय, म्हणाली. कोणी सांगितलं, ते बोलेना. त्याने तिला रजई आणून दिली, सायकल काढली आणि सेक्रेटरीचं घर गाठलं. साहेबांनी दार उघडलं नाही. खिडकीतूनच बोलले.

"एकाला उघडलं की उद्या रांग लागेल. सकाळी सहाला ये."

"साहेब, मूल गारठून मरेल हो."

"मग तुझ्या खोलीत ने. माझी झोप मोडू नकोस."

खिडकी बंद.

तो परतला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पायरी रिकामी. रजई नीट घडी घालून ठेवलेली. आवारात, रस्त्यावर... कोणी नाही.

आणि मूल रडलं.

आत.

त्याने कुलूप चाचपलं. जसंच्या तसं. खिडक्यांना गज. दाराला कान लावला. मूल गप्प झालं. मग खोकला... म्हाताऱ्या माणसाचा. मग कुजबुज. एक नाही... दोन नाही. पुष्कळ माणसं. झोपलेल्यांना जाग येऊ नये, इतकं हळू बोलणारी.

त्याने हातोडा आणला. उचलला. खोलीच्या दारात बायको उभी होती. मागे दोन्ही मुली. नुसती बघत राहिली...

घाव न घालताच हात खाली आला.

तेवढ्यात दाराच्या अगदी पलीकडून, त्याच्या कानाशी, तीच बाई...

"दादा, बाहेर फार थंडी आहे. तुम्ही आत या ना."

त्याला कुलूप तोडता येईना. जाताही येईना. सहापर्यंत तो त्याच पायरीवर बसून होता.

सहाला सेक्रेटरी आले. शिडीच्या बायकोने फोन केला म्हणून मीही पोचलो होतो. कुलूप माझ्या डोळ्यांदेखत उघडलं. आत चिटपाखरू नाही. मी एकेका बाकावर हात ठेवत गेलो. सगळी बर्फासारखी गार. शेवटचं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोमट. माणसं नुकतीच उठून गेल्यासारखं. सेक्रेटरींनीही हात ठेवला. चटकन काढून घेतला.

शिडीने त्याच दिवशी खोली सोडली. ज्या खोलीसाठी हातोडा खाली ठेवला, तीच.

त्या रात्री त्या बाकावर कोण बसलं होतं, असं मी कमिटीला तीनदा लेखी विचारलं. तिन्ही पत्रांची पोच मिळाली. उत्तर नाही.

बाक अजून निवलेलं नाही.